ओटीपीवाला

मुळशी तालुक्यात शेतीखात्याच्या कामासाठी फिरणाऱ्या त्या पोराला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. साहेबांचा तो "अरे". क्लार्कबाईंचा "बाळा". हजेरीच्या कागदावर "कार्य प्रशिक्षणार्थी, पदवीधर". शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे फार्महाऊसवाले त्याला "एक्स्क्यूज मी" म्हणतात. आणि कोळवण खोऱ्यापासून ताम्हिणीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जुन्या माणसांच्या तोंडी तो ओटीपीवाला. पौडच्या कचेरीपाशी उतरलेली म्हातारी आधी "ओटीपीवाला आलाय का?" असं विचारते, साहेबांची चौकशी मग. साहेब नसले तर काम उद्यावर जातं. तो नसला तर म्हातारीच उद्यावर जाते.

कोळवणकडे माझ्या मेहुण्यांची थोडी भातखाचरं आहेत. त्यांच्या कागदांपायी कचेरीच्या बाकावर बसणं माझ्याकडे आलं, आणि बाकावर बसलेल्या माणसाला समोर जे दिसतं ते बघण्यावाचून इलाज नसतो. मला हा दिसला.

नोकरदार म्हणावं तर त्याला पगार नाही, विद्यावेतन आहे. विद्यार्थी म्हणावं तर परीक्षा नाही. २०२४ च्या पावसाळ्यात सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा झाली. कचेरीत काम शिकायचं आणि दाखला घेऊन बाहेर पडायचं, असा मामला. हा बी.एस्सी. अ‍ॅग्री. राहुरी विद्यापीठाच्या पदवीचा. सातव्या सत्रात कृषिदूत म्हणून एका खेड्यात राहिलेला, निंबोळी अर्क करून दाखवलेला, बोर्डो मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का ते गावाला बघायला लावलेला. माती, किडी, खतं, पाण्याच्या पाळ्या, सगळं तोंडपाठ. रुजू झाला त्या दिवशी त्याला आत बोलावलं. हा मनातल्या मनात भाताच्या जातींची उजळणी करत उभा राहिला.

"एक्सेल येतं का?"

"येतं, सर."

"मग झालं तर."

चार वर्षांच्या कृषिशिक्षणाची तोंडी परीक्षा तिथंच आटोपली.

त्याचं मूळ गाव माणचं. इथंच पहिला घोटाळा. मुळशीत हिंजवडीला खेटून एक माण आहे, आणि तिथल्या जमिनीचा भाव आयटी पार्क आल्यापासून सामान्य माणसानं मोठ्यानं उच्चारू नये असा झालेला आहे. त्यामुळे "कुठला रं तू?" याला त्यानं "माणचा" असं उत्तर दिलं की समोरचा चपापतो.

"मानचा? मंग हितं दहा हजारावर कशाला मरतोय?"

"ते माण न्हाई, सातारचं. दहिवडीकडलं."

"तिकडं काय चाललाय?"

"ज्वारी हाय, बाजरी हाय. थोडं डाळिंब."

"पिकाचं न्हाय इचारत. गुंठ्याला काय चाललाय?"

"गुंठ्यात कोण इचारत न्हाई, काका. एकरातबी इचारत न्हाई."

यावर मुळशीकर काही क्षण गप्प होतो आणि मग त्याला चहा पाजतो. रुजू झाल्यापासूनचे त्याचे बहुतेक चहा या गैरसमजावर झालेले आहेत.

तो पिरंगुटला मामाकडे राहायचा. मामा तिथल्या एका कंपनीत शिफ्टला. दुष्काळी मुलखातलं हे पोर अशा तालुक्यात येऊन पडलं, जिथल्या ताम्हिणी घाटात २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच्या गावाकडे वर्षभरात एवढा पडला तर लोक देवाला नारळ फोडतात. माणदेशात पाऊस हा आठवणींचा विषय, मुळशीत तो वाहतुकीचा. आयुष्यातली पहिली छत्री त्यानं पिरंगुटला विकत घेतली आणि ती मालेच्या पुढे उलटी झाली. तेव्हापासून तो प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेतो, इथल्या बायका आवणीला घेतात तसा. डाळिंबाच्या तेल्या रोगावर तो न थांबता तासभर बोलू शकतो. मुळशीत डाळिंब फक्त फळवाल्याच्या गाडीवर दिसतं, त्यामुळे हा तास त्याच्या पोटातच राहिलेला आहे.

त्याला टेबल नाही. ज्याचा माणूस दौऱ्यावर, त्याचं टेबल याचं. लॅपटॉप स्वतःचा, इंटरनेट स्वतःच्या मोबाइलचं, पेन मात्र दोरीनं बांधलेलं सरकारी. दिवसभरात तो काय करतो हे विचारण्यापेक्षा काय करत नाही हे विचारलं तर उत्तर लवकर मिळेल. तो सही करत नाही. बाकी सगळं त्याचं. आलेलं पत्र आवकला चढवणं, जिल्ह्याला जाणारी माहिती "तातडीनं, आजच" भरणं, कालच्या तातडीच्या माहितीत आज आलेली दुरुस्ती करणं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गावोगावच्या शेतकरी गटांत हवामानाचा इशारा टाकणं आणि त्याखाली आलेल्या गुड मॉर्निंगच्या फुलांना हात जोडणं. १ जुलैच्या कृषी दिनाला वसंतराव नाईकांच्या फोटोला हार आणणं, पाहुण्यांच्या भाषणाचे मुद्दे काढणं आणि सूत्रसंचालनही करणं, कारण "तुझं मराठी चांगलं आहे". हे त्याला माणदेशी बोलीत बोलताना ऐकूनही लोक म्हणतात, म्हणजे कौतुक खोटं नसावं.

पण त्याची खरी ओळख झाली ती फार्मर आयडीच्या मोहिमेत. शेतकऱ्याला अकरा आकडी ओळख क्रमांक द्यायचा, त्याला आधार आणि सातबारा जोडायचे, आणि यापुढे योजना हवी तर हा क्रमांक हवा, असा हुकूम निघाला. क्रमांक काढायचा तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. सरकारच्या हिशेबात ज्याचं आधार, त्याचा मोबाइल, आणि तो मोबाइल त्याच्याच खिशात. मुळशीच्या हिशेबात आधार आजीचं, सिमकार्ड नातवाचं आणि नातू हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर ड्युटीला.

हा प्रसंग मी बाकावरून पाहिला. आजी समोर बसलेली, पिशवीत आधार, सातबारा, आठ-अ, पासबुक आणि कुणी सांगितलं नसताना आणलेला रेशनकार्डाचा झेरॉक्स. यानं ओटीपी पाठवला आणि नातवाला फोन लावला.

"नमस्कार, शेतीखात्यातून बोलतोय. तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आला आसंल, तेवढा सांगा."

"ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

"आवो, तुमची आजी इथं बसल्याती."

"सगळे असंच म्हणतात."

नातवाचं चुकत नव्हतं. फोन लावला की बँका आणि पोलीस हेच पढवतात, आणि तो तर सिक्युरिटीतला. यानं फोन आजीकडे दिला. आजीनं नातवाला जे ऐकवलं त्यावरून आवाज तिचाच असल्याबद्दल कुणालाही शंका उरली नसती, पण आजकाल आवाजही नकली निघतो असं त्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. त्यानं विचारलं, "आजी आसशील तर आपल्या म्हशीचं नाव सांग."

"कंच्या? इकलेली का हायेली?"

या प्रतिप्रश्नानं नातवाची खात्री पटली. तोवर दहा मिनिटं होऊन ओटीपी शिळा झाला. दुसरा पाठवला, तो आला, नातवानं सांगितला, सर्व्हर बसला. तिसऱ्याला काम झालं. पोरानं घाम पुसून सांगितलं, "झालं बगा, आजी. नंबर मिळाला."

"पैसं कदी येत्याल?"

"हे पैशाचं न्हाई. हा नुस्ता नंबर. म्होरं पैसं मिळायला ह्यो लागतूय."

"मंग म्होरंच यायचं होतं की मी," आजी म्हणाली आणि पिशवीची गाठ मारू लागली.

संगणकाचं दुसरं वेड म्हणजे नावं जुळवणं. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव शेजारी ठेवून यंत्र टक्केवारी देतं. गावात माणूस तरुणपणी बाळू असतो, चार पैसे गाठीला आले की बाळासाहेब होतो. आधार निघालं तेव्हा बाळासाहेब होऊन गेले होते. सातबारा अजून बाळूच आहे. यंत्र म्हणतं, हे दोन निराळे इसम. समोर बसलेला इसम म्हणतो, मी एकच आहे. पोरगा मधल्या मध्ये, त्याला दोघांचंही पटतं.

एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी जुना, घडीवर फाटलेला कागद टेबलावर पसरला. टाटांच्या धरणाखाली गेलेल्या जमिनीचा. मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती बापट झाले, हे सगळं पोरानं स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलेलं. त्याला आनंद झाला, पुस्तकातली ओळ चालत कचेरीत आली म्हणून. म्हातारबाबांना आनंदाशी कर्तव्य नव्हतं. "आमचा सातबारा पान्यात हाय. ह्याचा नंबर निगल का?" यानं पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. गाव होतं, गट होता, खाते क्रमांक होता. धरण असा पर्याय नव्हता. म्हातारबाबांनी कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या वडिलांनीही तो असाच ठेवला असणार. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला दहा हजारांच्या पोरानं उत्तर द्यावं असं मी तरी म्हणणार नाही.

त्याच्या मुदतीत आजूबाजूच्या सगळ्यांची नावं वाढली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले. ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. दारावरच्या पाट्या कशा रंगवायच्या याचा नमुना हाच तयार करत होता. लोक मात्र अजून तलाठी, ग्रामसेवक आणि भाऊसाहेब असंच म्हणतात. सरकारनं न देता जनतेनं पद बहाल केलं असा तालुक्यात हा एकटाच.

आता शेतीबद्दल. तीही त्याच्या वाट्याला येते, नाही असं नाही. २०२५ साली मॉन्सून मे महिन्यातच येऊन धडकला. राब भाजून, जमीन तापवून, मग धूळवाफेवर भात पेरायचं असा इथला जुना परिपाठ. त्याचा मेच्या पावसानं चिखल केला. खात्याला राब भाजणं तसंही पसंत नाही. शेण, पालापाचोळा जाळण्यापेक्षा गादीवाफे करा, हे ते कित्येक वर्षं सांगत आलंय. त्या वर्षी राब पावसानंच विझवला, त्यामुळे प्रात्यक्षिकाला मोका साधून आला. विषय: भाताची बीजप्रक्रिया. भाऊसाहेबांना ऐन वेळी मीटिंग लागली आणि पोराला एकट्याला कोळवण खोऱ्यातल्या एका वाडीवर जावं लागलं. मेहुण्यांची खाचरं तिथलीच, म्हणून मीही गेलो.

जोत्यावर पंधरावीस बायका, कडेला दोनचार पुरुष, अंगणात कोंबड्या. ओटीपीवाला आल्याचं कळल्यामुळे निम्म्यांनी आधारकार्ड आणलेली. यानं ती गोड बोलून परत पिशवीत ठेवायला लावली आणि बादली मागितली.

"दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ," तो म्हणाला. चार वर्षं वाट पाहिलेलं वाक्य होतं, आवाज जरा चढला. "बादली कितीची हाय?"

"धुन्याची हाय," त्या घरच्या मावशी म्हणाल्या.

लिटरचा प्रश्न त्यानं पाण्याच्या बाटलीनं मोजून सोडवला. मीठ विरघळलं. मग मावशींच्या कणगीतलं घरचं बी, आंबेमोहोराचं, ओंजळीनं पाण्यात सोडलं आणि काठीनं ढवळलं. भरलेला दाणा तळाशी गेला, पोकळ दाणा वर आला. तो बराच आला. पाण्यावर भाताची साय धरल्यागत झालं. पोराचा चेहरा खुलला. पुस्तकात लिहिलेलं समोर घडत होतं. मावशींचा पडला.

"येवढं बी वाया घालीवलंस?"

"वाया न्हाई, मावशी. हे उगवलंच नसतं. फुकट वाफ्यात जागा खाल्ली असती."

"न उगवंना. कनगीत तर दिसत हुतं."

या युक्तिवादाला कृषिशास्त्रात उत्तर नाही. यानं वरचं भात चाळणीनं काढलं, मावशींनी ते कोंबड्यांना टाकलं. खालचं बी दोनदा साध्या पाण्यानं धुतलं. "आता हे सावलीत वाळवायचं," तो म्हणाला. मावशींनी आभाळाकडे पाहिलं. गेले तीन आठवडे तालुकाभर सावलीच होती. आणि ते खारं पाणी कुठं ओतायचं यावर अर्धी वाडी बोलली. कुणी तुळशीपाशी म्हणालं, कुणी परसात, एकीनं वाफ्याकडे बादली उचललीसुद्धा. तेव्हा हा पहिल्यांदा ओरडला. इतका वेळ "साहेब, साहेब" करणाऱ्या बायका त्या ओरडण्यानं खूश झाल्या. पोरगं शेतातलं आहे, हे त्यांना तेव्हा पटलं.

मग गप्पा निघाल्या. त्यानं सांगितलं की सगळे लावतात ती इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात झाली, १९८७ साली, आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून. म्हणजे आंबेमोहोराचीच लेक.

"तरीच," मावशी म्हणाल्या. "आयचा वास लेकीला आला न्हाय. अंगानं भरली तेवढी."

आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्याला लोळतो, उतारा कमी देतो. इंद्रायणी बुटकी आणि भरघोस. हे तक्त्यात मांडायला कॉलेजला एक पान लागतं. पोरानं मावशींचं वाक्य वहीत लिहून घेतलं. प्रात्यक्षिकाच्या अहवालात त्याला रकाना नव्हता.

चारसूत्री पद्धतीचंही बोलून झालं. भाताच्या तुसाची काळी राख, गिरीपुष्पाचा पाला, दोन-तीनच रोपं एका चुडात नेमक्या अंतरावर, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचायची. बायकांनी गिरीपुष्पाला मान डोलावली, गोळीला डोलावली. दोन-तीन रोपांना कुणीच डोलावली नाही. "मूठभर लावलं तर निम्मं खेकड्यानं खाल्लं तरी निम्मं उरतंया." पोरगा म्हणाला, बरोबर आहे, पण... आणि या "पण"वर कृषी विस्तार नावाचं शास्त्र उभं आहे.

तेवढ्यात सरपंच आले. उशीर झाला होता, पण फोटो राहिला होता, आणि फोटोशिवाय प्रात्यक्षिक झालं असं कागदोपत्री म्हणता येत नाही. अक्षांश-रेखांशासकट, तारीख-वेळेसकट, बॅनर सरळ धरून. बादलीत काही तरंगत असायला हवं. तरंगणारं सगळं कोंबड्यांच्या पोटात. अखेर मूठभर कोंडा पाण्यावर सोडला, सरपंचांनी काठी धरली, बॅनर इतका मोठा की मागचं खाचर, डोंगर आणि मावशी तिन्ही झाकले गेले. फक्त कोंबडी स्पष्ट आली. या फोटोला जिल्ह्यातून "उत्तम" असा शेरा आला.

फार्महाऊसवाले कचेरीतही येतात. ही माणसं अतिशय सभ्य, इंग्रजीत माफी मागून मराठीत अर्ज विचारणारी. त्यांचे प्रश्नही सुसंस्कृत. अ‍ॅव्होकाडो येईल का? मोर येतात, त्यांना काही खायला लावायचं आहे, अनुदान आहे? बिबट्या दिसला तर फोन कुणाला, कृषीला की वनखात्याला? पोरगा सगळ्यांना उत्तरं देतो. एकदा एक गृहस्थ भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून आंब्याची कलमं मागायला आले. यानं सांगितलं, कोकणाबाहेर किमान २० गुंठे लागतात.

"वीस गुंठे म्हणजे किती स्क्वेअर फूट?"

"गुंठ्याला १,०८९. वीसला २१,७८०."

"आमचा प्लॉट दहाचा आहे. पण कम्पाउंड वॉल चांगली आहे."

पोरानं कौतुकानं मान हलवली. शेतजमिनीचं मोजमाप चौरस फुटांत तोंडपाठ असलेला कृषी पदवीधर मुळशीतच घडू शकतो. त्या गृहस्थांना त्यानं जाताना कलम लावायचा खड्डा किती बाय किती, त्यात शेणखत किती, ते सगळं कागदावर लिहून दिलं. अनुदान नाही, पण झाड लागेल. गृहस्थांनी कागदाचा फोटो काढला आणि कागद टेबलावरच ठेवून गेले.

पंचनाम्याला मात्र तो गप्प असतो. पीक आडवं झालं की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघे बांधावर जातात आणि चौथा हा, टेप, पॅड आणि प्लॅस्टिकचा कागद घेऊन. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदत, खाली असेल तर नाही. चिखलात लोळलेल्या लोंब्या हातात घेऊन शेतकरी विचारतो, "साहेब, कितीला बसंल?" आकडा लिहिणारे तिघे आहेत हे त्याला माहीत असतं, तरी विचारतो यालाच, तिघांपेक्षा हा घाईत नसतो म्हणून. हा टेप गुंडाळत राहतो. पाऊस न आल्यानं पीक जातं एवढंच ठाऊक असलेल्या मुलखातल्या पोराला पाऊस आल्यानं गेलेलं पीक बघवत नाही, हे मला त्याच्या तोंडून नाही, त्याच्या मामाकडून कळलं. त्या रात्री तो जेवला नव्हता.

लग्नाचा विषय दर गावात निघतो. सुरुवात नेहमी उमेदीची. पोरगा शिकलेला, नरम, आज्याबायांशी अदबीनं बोलणारा.

"सरकारी हायेस न्हवं?"

"सरकारी हापिसात हाय."

"परमनंट?"

"अकरा म्हयनं."

विचारणाऱ्या मावशींच्या डोळ्यांतली भाची तत्काळ दुसऱ्या गावाला निघून जाते. "बरं," त्या म्हणतात, "च्या घे." इथं चहा माणचा नसतो, दुःखाचा असतो, पण साखर तेवढीच.

त्याचं स्वतःचं विद्यावेतनही एकदा अडलं. खातं आधारला जोडलेलं नाही, असं बँकेत निघालं. आधारला मोबाइल वडिलांचा. वडील दहिवडीकडे बाजरीत. यानं फोन केला, ओटीपी मागितला. पलीकडून वडील म्हणाले, "कोन बोलतंय? टीव्हीवर सांगत्यात, ओटीपी कुनाला द्याचा न्हाई." सगळ्या तालुक्याचे ओटीपी काढून देणारा हा इसम बँकेच्या पायरीवर बसून बापाला आपण कोण ते पटवून देत होता. किती वेळ लागला ते विचारलं तर हसतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याची मुदत संपली. दाखला मिळाला. त्यात "समाधानकारक" असा शब्द आहे. सगळ्यांच्याच दाखल्यात तो असतो. टेबल नव्हतंच, त्यामुळे रिकामं झालं नाही. लॅपटॉप त्याचा होता, तो घेऊन गेला. मोबाइल नंबरही त्याचाच होता, पण तो तालुकाभर वाड्यावाड्यांच्या भिंतींवर कोळशानं आणि कॅलेंडरांच्या मागे पेनानं लिहून राहिलेला आहे. सध्या तो गावी एमपीएससीच्या कृषी सेवेचा अभ्यास करतो. मुळशीचे फोन चालूच आहेत आणि तो ते उचलतो. मेहुण्यांच्या पिकावर करपा आला तेव्हा मीही त्यालाच लावला होता. त्यानं फोटो मागवला, पानावरचे ठिपके मोठे करून बघितले आणि औषधाआधी युरिया किती टाकला ते विचारलं. इतका चांगला प्रश्न मला कुठल्या दुकानदारानं विचारलेला नाही.

तुमच्याकडेही त्याचा नंबर असेल तर एक विनंती. रात्री नऊनंतर लावू नका, त्याची अभ्यासाची वेळ असते. पीकविम्याचं काही असलं तर आधी फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी झाली आहे का ते बघा. ते झालेलं नसेल तर दहिवडीहून तो काहीही करू शकत नाही. आणि भातावरचं काही विचारायचं असलं तर खुशाल विचारा. ते त्याला आवडतं.